रेघ ओढून मुंगी थांबत नाही

मंडळी, तुमच्याकडे आल्या का? मे महिना लागतो, जाड कोट कपाटात जातात, खिडक्या उघडतात, आणि इथल्या मराठी घरांमधल्या फोनवर हवापाण्याच्या गप्पांनंतरचा दुसरा प्रश्न हाच असतो.

आमच्याकडे आल्या. आम्ही ट्रॉयला राहतो. मिशिगनमधलं मराठी माणसांनी गजबजलेलं ट्रॉय नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं. हडसन नदीच्या पूर्व काठावरचं, ऑल्बनीच्या शेजारचं हे जुनं कारखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात ते लोखंडासाठी आणि शर्टाच्या सुट्या कॉलरींसाठी नावाजलेलं होतं. त्या काळातली विटांची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरं अजून टिकून आहेत. त्यातल्याच एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला आहे. भिंती विटांच्या, पण आतली तुळई, जमीन, जिने, खिडक्यांच्या चौकटी सगळं लाकडाचं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये साताऱ्याहून आई आली. तिच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ होतं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पांढरे खडू. मुंग्यांचे खडू. मी ते पाहिले, हसले आणि ड्रॉवरमध्ये टाकले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सिंकखाली बारीक तपकिरी मुंग्यांची रांग लागली आणि खिडकीपाशी मोठे काळे मुंगळे फिरायला लागले. मी लॅबमध्ये असताना आईने ओट्याच्या कडेने, खिडकीखाली आणि सिंकसमोरच्या फरशीवर झकास रेघा ओढल्या.

संध्याकाळी घरी आले तर माझी दहा महिन्यांची लेक सिंकसमोर बसली होती आणि तिचा उजवा तळवा पांढरा होता.

"आई, हे काय लागलंय हिला?"

"अगं, मुंग्यांचा खडू तो. तू लहान होतीस तेव्हा आपल्या ओट्याखाली कायम असायचा. तुला काही झालं का?"

मी तिचे हात धुतले, तोंड पुसलं आणि विषबाधेच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे वजन विचारलं, काय होतं, किती गेलं असेल ते विचारलं आणि पुढचे काही तास लक्ष ठेवायला सांगितलं. लेकीला काही झालं नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही. आईचा राग आला म्हणून नव्हे. माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली आहे, खडू ड्रॉवरमध्ये मीच टाकले होते आणि महिनाभर एका शब्दानेही बोलले नव्हते, म्हणून.

आधी त्या खडूबद्दल सांगते, कारण तुमच्याही ड्रॉवरमध्ये तो असण्याची शक्यता आहे. अशा खडूंमध्ये बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. या रसायनांचं मूळ एका फुलात आहे. शेवंतीच्या नात्यातल्या पायरेथ्रम फुलांची पूड एकोणिसाव्या शतकात 'पर्शियन' आणि 'डाल्मेशियन' पूड या नावांनी युरोप-अमेरिकेत विकली जायची. ती किड्यांना मारायची, पण उन्हात लवकर निष्प्रभ व्हायची. त्या रेणूची नक्कल करून १९४९ मध्ये पहिलं कृत्रिम रसायन आलं आणि १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हात टिकणारी, कितीतरी जास्त जहाल रूपं तयार केली. डेल्टामेथ्रिन त्यातलंच. माणसापेक्षा किड्यांना ते खूप जास्त विषारी आहे, हे खरं. पण अमेरिकेत कोणतंही कीटकनाशक विकण्याआधी पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, त्याची नोंदणी लागते आणि ईपीएने हे खडू बेकायदा ठरवले आहेत. त्यांत किती विष आहे हे कोणी तपासलेलं नसतं. आणि ते ज्या रूपात येतं ती वस्तू प्रत्येक मूल हातात घेतं, गिरवतं आणि तोंडात घालतं.

झोप लागत नव्हती म्हणून मी वाचायला लागले. मुंगीसमोर आपण रेघ कधीपासून ओढतो आहोत? वाचता वाचता मी पोचले थेट पुण्याच्या एका व्हरांड्यात.

साल १८२४ ते १८३१ च्या दरम्यानचं. पेशवाई बुडून फार वर्षं झाली नव्हती. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी तेव्हा दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर होता. पिकं, पाऊस, लोकसंख्या, पक्षी, मासे, जे दिसेल ते तो नोंदवून ठेवायचा. पुण्याच्या त्याच्या घरात जेवणघराच्या व्हरांड्यातल्या छोट्या टेबलावर फळं, केक आणि मुरंबे ठेवलेले असत. मुंग्या लागू नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या भांड्यांत ठेवले होते, टेबल भिंतीपासून इंचभर दूर सरकवलं होतं आणि वर कापड झाकलं होतं.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या आजीच्या फडताळाच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या त्याच.

काही दिवस सगळं ठीक चाललं. मग काळे मुंगळे पाण्यात उतरले आणि तो दीड इंचाचा समुद्र पार करून वर पोचले. रोज सकाळी शेकडो मुंगळे गोडावर ताव मारताना सापडत. रोज मारले तरी संख्या कमी होईना. मग टेबलाच्या पायांना पाण्याच्या वर टर्पेंटाइनचं कडं रंगवण्यात आलं. पुन्हा काही दिवस शांतता. आणि पुन्हा गोडावर मुंगळे! आता हे आले कुठून, ते कोणाला कळेना. शेवटी एकदा टेबलाजवळून जाताना साइक्सला दिसलं की भिंतीवरून, टेबलाच्या साधारण फूटभर वरून, एक मुंगळा खाली पडला. टेबलावरच्या कापडावर. मग दुसरा, मग तिसरा. पाणी आणि टर्पेंटाइन दोन्ही टाळून ते भिंतीवर चढत होते आणि अंदाज घेऊन स्वतःला खाली झोकून देत होते. साइक्सने या जातीला लॅटिन नाव दिलं 'फॉर्मिका इंडेफेसा'. इंडेफेसा म्हणजे न थकणारी. १८३० च्या दशकात लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याने हे छापलं आणि पुण्याच्या मुंगळ्यांची ही गोष्ट पुढे कितीतरी इंग्रजी पुस्तकांत फिरत राहिली.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते एकच. पाणी हरलं, टर्पेंटाइन हरलं, रोजची कत्तल हरली. काम झालं ते साइक्स थांबून बघत राहिला तेव्हा.

त्याच निबंधात पुण्याच्या दुसऱ्या एका मुंगीची नोंद आहे. ही गवताचं बी गोळा करून वारुळात साठवते. पावसाळ्यात बी भिजलं, की ऊन पडल्यावर ते बाहेर आणून पसरते, वाळवते आणि पुन्हा आत नेते. साइक्सला त्याचं मोठं आश्चर्य वाटलं. आपल्याला वाटू नये, कारण आपल्या घरांमध्ये दर उन्हाळ्यात गच्चीवर हेच चालतं. कुरडया, सांडगे, वर्षाचे गहू, डाळी. माझी आजी गव्हाला एरंडेल चोळायची, धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालायची, कडधान्यांना राख लावायची, तांदळात बोरिक पावडर मिसळायची, साखरेच्या डब्यात लवंग टाकायची आणि डब्याभोवती हळदीची रेघ ओढायची. तीच आजी अंगणातल्या वारुळावर पीठ आणि साखर घालून यायची. लहानपणी मला हा विरोधाभास वाटायचा. आता वाटतं, तिचा हिशेब साधा होता. तुमचं घर तिकडे, आमचं इकडे. तुमचं खाणं तिथे ठेवलंय, इकडे येऊ नका. यामागे पुण्य किती आणि धोरण किती, ते तिलाच ठाऊक. पण मुंग्या कुठे राहतात आणि कुठून येतात, हे तिला पक्कं माहीत होतं.

साइक्सनंतर पन्नास वर्षांनी याच नजरेने घराकडे बघणारा आणखी एक माणूस भेटतो, तोही माझ्या गावचा. एडवर्ड हॅमिल्टन एटकन १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मला. 'ईहा' या टोपणनावाने लिहायचा. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' या पुस्तकाचा विषय वाघ-सिंह नाहीत. बंगल्याच्या आत-बाहेर राहणारे उंदीर, डास, पाली, मुंग्या आणि कोळी हेच त्याच्या सरहद्दीवरच्या टोळ्या.

आता परत ट्रॉयला येऊ. साइक्स पुण्यात मुंगळे बघत होता त्याच वर्षांत इथे काय चाललं होतं? १८२४ मध्ये, म्हणजे साइक्सला दख्खनचं काम मिळालं त्याच साली, ट्रॉयमध्ये एक शाळा सुरू झाली, रेन्सेलिअर स्कूल. आज तेच रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट. शिक्षक होते एमॉस ईटन. त्यांचा आग्रह असा, की विद्यार्थ्यांनी नुसतं ऐकायचं नाही. प्रयोग स्वतः करायचे, व्याख्यानं स्वतः द्यायची, गावात आणि रानात हिंडायचं. १८२६ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना होडीत घालून नव्याकोऱ्या एरी कालव्यातून सफर घडवली. त्या होडीत सतरा वर्षांचा एक मुलगा रोजनिशी लिहीत होता. त्याचं नाव एसा फिच. १८२७ मध्ये तो इथून पदवी घेऊन बाहेर पडला.

फिच पुढे डॉक्टर झाला, पण १८३८ च्या सुमारास वैद्यकी सोडून शेतीकडे आणि किड्यांकडे वळला. ट्रॉयपासून तासाभराच्या अंतरावर सेलम नावाचं गाव आहे. तिथे घराजवळच्या एका छोट्या खोलीत त्याचं काम चालायचं. लोक तिला 'बग हाऊस' म्हणत, म्हणजे किड्यांची खोली. १८५४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याला पगारी कीटकतज्ज्ञ नेमलं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने केलेली ही अशी पहिली नेमणूक मानली जाते. तेव्हा गव्हावरच्या एका बारीक माशीने इथल्या शेतकऱ्यांना जेरीस आणलं होतं. ही माशी युरोपातून आलेली. फिचने प्रश्न विचारला, की मग युरोपात ती एवढा उच्छाद का मांडत नाही? त्याचं उत्तर असं, की तिकडे तिला खाणारे दुसरे कीटक आहेत, इकडे ते आलेच नाहीत. ते मागवावेत म्हणून त्याने इंग्लंडला पत्रही लिहिलं. कीटक आले नाहीत. पण किडीचा शत्रू शोधून आणायचा, हा विचार अमेरिकेत मांडणाऱ्या पहिल्या माणसांत त्याचं नाव घेतलं जातं.

मी रोज त्याच टेकडीच्या पायथ्याने जाते-येते. हा माणूस मला या मुंग्यांच्या नादात भेटला.

आधी बघा, मग मारा, हा क्रम चुकला की काय होतं, ते मराठी माणसाला कुणी सांगायला नको. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग आला. पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती बसली. सैनिक घरात शिरले, माणसं उचलून नेली, सामान जाळलं, जमिनी आणि भिंती जंतुनाशकांनी धुतल्या. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, ते आपण शाळेत शिकलो. शाळेत सांगत नाहीत ती गोष्ट ही, की त्या दिवसापर्यंत प्लेग घरात नेमका कसा शिरतो हे त्या समितीला माहीतच नव्हतं. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं, की प्लेग उंदराच्या पिसवांमधून पसरतो. उंदीर मेला, की पिसू ते थंड होणारं अंग सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. कोणी ते लगेच मानलं नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाने पुन्हा प्रयोग केले तेव्हा कुठे ते पक्कं झालं. तोवर गावोगावच्या लोकांनी मात्र एक गोष्ट ताडली होती. घरात उंदीर पडायला लागले, की घर सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. त्यांना पिसू माहीत नव्हती. पण त्यांनी बघितलं होतं.

मग आलं डीडीटी. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना त्याचा गुण सापडला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास धारवाड आणि कारवारकडच्या भागात घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आणून दाखवला. १९५३ मध्ये तेच देशभर सुरू झालं. त्याआधी भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास आला. त्या फवारणीने वाचलेली माणसं तुमच्या-माझ्या घराण्यांत आहेत, हे विसरून डीडीटीला शिव्या देणं मला जमत नाही.

पण मुंगळ्याने पाणी ओलांडलं होतं, तसं डासांनीही ही रेघ ओलांडली. १९७६ मध्ये भारतातले रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. डासांची प्रतिकारशक्ती हे एकच कारण नव्हतं, ढिली पडलेली मोहीम हेही होतं. ढेकूण तर डीडीटीला त्याआधीच सरावले होते. इकडे अमेरिकेत १९६२ मध्ये रेचल कार्सन यांचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं, १९७० मध्ये ईपीए स्थापन झाली आणि १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. घरातल्या मुंग्या आणि वाळवीवर क्लोरडेन नावाचं औषध चाळीस वर्षं वापरलं गेलं. ते घराखालच्या मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतं, हे कळल्यावर १९८८ मध्ये तेही बंद झालं. त्याच्या जागी लोकप्रिय झालेलं क्लोरपायरिफॉस लहान मुलांच्या काळजीपोटी २००० नंतर घरगुती वापरातून काढलं गेलं. क्रम लक्षात घ्या. प्रत्येक औषध आधी घरात आलं आणि ते घरातल्या माणसाला काय करतं, हे मागाहून कळलं.

त्याचं सर्वांत करुण उदाहरण भारताशी जोडलेलं आहे. हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संस्थेत सरकारचे कीटकतज्ज्ञ होते. भारतीय कीटकांवरचं त्यांचं १९०९ चं मोठं पुस्तक आजही चाळलं जातं. पुढे ते इंग्लंडला गेले, लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या लाकडी छताला लागलेला भुंगेरा मारण्याचं औषध त्यांनी बनवलं आणि त्यातूनच १९२५ मध्ये रेंटोकिल ही कंपनी उभी राहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेत माश्या मारणाऱ्या वायूंवर काम करताना त्या वायूनेच ते बेशुद्ध पडले आणि काही दिवसांत वारले.

इथपर्यंत वाचून झाल्यावर मी खडू ड्रॉवरमधून काढला आणि रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. आई म्हणाली, "मग आता काय करायचं? नुसतं बघत बसायचं?"

मी म्हटलं, "हो. दोन रात्री."

आधी बारीक तपकिरी मुंग्या. या इथल्या फुटपाथच्या फटींतून राहतात. मूळच्या युरोपातल्या. त्यांच्या शास्त्रीय नावाचा बराच काळ घोळ होता. २०१७ मध्ये संशोधकांनी तो सोडवला आणि नाव ठरलं 'टेट्रामोरियम इमिग्रान्स'. स्थलांतरित! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारख्याच." तिला मी झुरळाचीही गोष्ट सांगितली. ज्याला जग 'जर्मन झुरळ' म्हणतं, ते मुळात जर्मन नाहीच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूला, आशियाई झुरळापासून तयार झालं आणि व्यापारी, सैन्यं आणि जहाजांबरोबर जगभर गेलं. तेव्हा सिंकखालचं झुरळ बघून पुढच्या वेळी जपून बोला, गाववालं निघायचं.

या बारीक मुंग्यांवर रेघ आणि फवारा का चालत नाही, तेही सांगते. आपल्याला दिसतात त्या कामकरी मुंग्या, वसाहतीचा थोडासा हिस्सा. त्या मेल्या तरी राणी अंडी घालत राहते. पण त्या आणलेलं अन्न तोंडातून तोंडात वाटून खातात. म्हणून हळू मारणारं विष गोडात मिसळून दिलं, की त्याच ते घरी नेतात. बोरिक ॲसिड असंच काम करतं, कॅरम बोर्डावर टाकायची तीच आपली पावडर. प्रमाण मात्र अगदी कमी लागतं, साखरेच्या पाण्यात सुमारे १ टक्का. जास्त घातलं, की मुंगी वाटेतच मरते आणि वाटप होतच नाही. घरी मिश्रण करत बसू नका. मुलांना उघडता येणार नाहीत अशा बंद डब्यांत तयार आमिष मिळतं, ते लेबल वाचून, ओट्यामागे ठेवा. पहिले दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील. घाबरून फवारा मारू नका, नाहीतर मेजवानीच्या मधेच पाहुण्यांना हाकलल्यासारखं होईल. आमच्याकडे आठवड्याभरात रांग संपली.

मोठे काळे मुंगळे मात्र आमिषाकडे फिरकले नाहीत. यांना इथे सुतार मुंग्या म्हणतात. वाळवीसारख्या त्या लाकूड खात नाहीत, पोखरतात आणि भुसा बाहेर टाकतात. घरमालकांनी आदल्या वर्षी दोनदा फवारणी करून घेतली होती. दोन्ही वेळा महिनाभरात मुंगळे परत. दुसऱ्या रात्री अकरा वाजता मी आणि आई लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन खिडकीपाशी बसलो. रात्रीच त्यांची वर्दळ असते. एकेक मुंगळा खिडकीच्या चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात नाहीसा होत होता. खाली कठड्यावर चिमूटभर भुसा. आईने कोपऱ्यावर बोट दाबलं आणि बोट आत गेलं. लाकूड ओलं होतं.

बाहेरून बघितल्यावर उलगडा झाला. छताची पन्हळ तुंबली होती आणि हिवाळाभर वितळलेल्या बर्फाचं पाणी भिंतीतून चौकटीत उतरत होतं. सुतार मुंग्यांना घरटं करायला ओलसर लाकूड लागतं. तीन वर्षं त्या मुंग्या एकच निरोप देत होत्या, की इथे गळतंय, आणि आम्ही निरोप्याला मारत होतो. मी घरमालकांना फोटो पाठवले. ते आधी "पुन्हा फवारून घेऊ" म्हणाले. मी पन्हळीचे आणि चौकटीचे फोटो तारखांसकट लेखी पाठवले, तेव्हा सुतार आला. चौकटीचा तुकडा काढला तर आत हातभर लांबीची पोखरलेली पोकळी होती. आणखी दोन हिवाळ्यांनी वरची तुळई गेली असती, असं तो म्हणाला. ज्या खिडकीची चौकट बदलली, तिच्याखालीच लेकीचा पाळणा होता.

यंदाचा मे आला आणि गेला. फुटपाथवरच्या मुंग्या दोन दिवस येऊन गेल्या. मुंगळा एकही दिसला नाही. आई आता साताऱ्यात आहे. परवा तिने फोनवर सांगितलं, की तिच्या ओट्याखाली तिने नवी रेघ ओढली आहे. "इथे कोण रांगतंय?" म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिसेंबरमध्ये आम्ही तिकडे जाऊ तेव्हा मात्र लेक धावत असेल, आणि त्याआधी ती रेघ पुसायची, असं आमचं ठरलं आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. आज ड्रॉवर उघडून बघा. खडू असेल तर तो कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. तुमच्या गावी घातक घरगुती कचरा गोळा करायचे दिवस ठरलेले असतात, तेव्हा द्या, आणि तोवर उंचावर, बंद डब्यात ठेवा. विषबाधा केंद्राचा नंबर फ्रिजवर लावा. आणि मुंग्या आल्या, की फवाऱ्याला हात घालण्याआधी एक रात्र टॉर्च घेऊन त्यांच्या मागे जा. त्या कुठे जातात, ते बघा.